विद्येचे ऋण आणि परतीची वाट

(देवस्थानच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



गोमंतकातील महाजन घराण्यांत एक जुनी रीत आहे. घरातील मुलगा दूरदेशी शिकावयास निघाला, की तो प्रथम कुलदेवतेच्या दर्शनास येतो. भटजी त्याच्या वतीने गाऱ्हाणे घालतात. त्या गाऱ्हाण्यात दोन मागण्या असतात. पहिली, हाती घेतलेले कार्य सिद्धीस जावो. दुसरी, लेकरू सुखरूप परत येऊन देवाच्या पायांशी पुन्हा उभे राहो. पहिली मागणी बहुधा पूर्ण होते. विद्या मिळते, पदवी मिळते. दुसरीचे काय होते, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो. आजचा विषय या दुसऱ्या मागणीचा आहे. परदेशात उच्च शिक्षण देऊन सार्वजनिक आरोग्याचे धुरीण घडविणाऱ्या शिष्यवृत्त्या, हे ज्या योजनांचे स्वरूप, त्यांचा इतिहास हा तपशिलात पाहिल्यास परतीच्या वाटेचाच इतिहास आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वैद्य आजाऱ्याला बरे करतो. सार्वजनिक आरोग्याचा जाणकार गाव आजारी पडू नये म्हणून झटतो. वैद्यापुढे एक खाट असते, याच्यापुढे विहीर, गटार, शाळा, बाळंतिणीची खोली आणि जन्ममृत्यूची नोंदवही असते. हे शास्त्र केवळ वैद्यकाच्या पदवीने येत नाही. त्याला संख्याशास्त्र, जंतुशास्त्र, पाणीपुरवठा, आहार, कारभार आणि लोकस्वभाव या सर्वांची जोड लागते. या विद्येसाठी स्वतंत्र विद्यालय हवे, ही जाणीव एका क्षुद्र कृमीने करून दिली.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अनवाणी शेतकऱ्यांच्या तळपायांतून शरीरात शिरणारा अंकुशकृमी हजारो माणसांचे रक्त शोषीत होता. १९०९ साली रॉकफेलर यांच्या दहा लाख डॉलरांच्या देणगीतून त्याविरुद्ध मोहीम उघडण्यात आली. तिचा कारभार विक्लिफ रोझ या गृहस्थाकडे आला. हा माणूस डॉक्टर नव्हता. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता. औषध स्वस्त होते, रोग ओळखणे सोपे होते. तरीही काम अडत होते, कारण आरोग्याधिकारी म्हणून पूर्ण वेळ काम करणारी शिकलेली माणसेच नव्हती. १९१३ साली हेच काम देशाबाहेर नेण्यासाठी आंतरराष्ट्रीय शाखा निघाली, तेव्हा ही उणीव अधिकच जाणवली. रोझ आणि विख्यात वैद्यकशास्त्रज्ञ विल्यम वेल्च यांनी १९१५ साली आराखडा मांडला. त्यातून बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९१६ साली सार्वजनिक आरोग्याच्या विद्यालयाची स्थापना झाली आणि १९१८ च्या ऑक्टोबरात तेथे वर्ग सुरू झाले. पुढे हार्वर्डचे विद्यालय आणि लंडनचे स्वच्छताशास्त्र व उष्णकटिबंधीय वैद्यकाचे विद्यालयही याच देणगीच्या बळावर उभे राहिले.

या विद्यालयांत देशोदेशीचे तरुण आणण्यासाठी ज्या शिष्यवृत्त्या ठेविल्या गेल्या, त्यांची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांस फेलोशिप म्हणत. साधी शिष्यवृत्ती होतकरू विद्यार्थ्याला मिळते. ही वृत्ती जो आधीच कामास जुंपलेला आहे, त्याला मिळे. उमेदवाराची शिफारस त्याच्या देशातील शासनाने वा संस्थेने करावयाची, शिक्षणाचा विषय तेथील गरजेप्रमाणे ठरावयाचा, आणि परतल्यावर त्याच्यासाठी जागा राखून ठेवण्याचे आश्वासन आधीच मिळावयाचे. म्हणजे जाण्याच्या तिकिटापूर्वी येण्याच्या जागेची चौकशी होई. योजकांच्या व्यवहारबुद्धीचे हे उत्तम उदाहरण होय.

अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांत ब्राझीलमधील साओ पाउलोचे डॉ. जेराल्दो द पाउला सोझा हे होते. १९१८ ते १९२० या काळात बाल्टिमोरला शिकून ते परतले आणि १९२२ साली आपल्या राज्याच्या आरोग्यखात्याचे प्रमुख झाले. तोवर तेथील आरोग्यखाते म्हणजे पोलिसखात्याचा धाकटा भाऊ होता. घरात शिरावे, धुरी द्यावी, दंड करावा, निघून जावे, हा त्याचा खाक्या. पाउला सोझांनी १९२५ च्या सुधारणेत वस्तीवस्तीत आरोग्यकेंद्रे काढली आणि प्राथमिक शाळांच्या शिक्षिकांना आरोग्याचे शिक्षण देऊन घरोघर धाडले. या बायांना तेथे ‘एदुकादोरा सानितारिया’ म्हणत. पोर्तुगीज भाषा ज्यांच्या कानांवरून गेली आहे, त्या जुन्या पिढीतील श्रोत्यांस या नावातील अर्थ चटकन उमगेल. दंड करणाऱ्या शिपायाची जागा शिकविणाऱ्या बाईने घेतली. अमेरिकेत पाहिलेल्या आरोग्यकेंद्राची कल्पना त्यांनी जशीच्या तशी उचलली नाही. आपल्या देशात सर्वांत सुलभपणे मिळणारे माणूस कोणते, हे पाहून तिला त्या माणसाची जोड दिली.

याच पाउला सोझांचे नाव आणखी एका घटनेशी जोडलेले आहे. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत असता जगासाठी एक आरोग्यसंघटना असावी, असा प्रस्ताव ब्राझील व चीन या दोन देशांच्या वतीने मांडण्यात आला. ब्राझीलच्या वतीने तो मांडणारे हेच डॉक्टर. ७ एप्रिल १९४८ रोजी जागतिक आरोग्य संघटना अस्तित्वात आली, आणि १९५३ पासून वीस वर्षे तिची धुरा ज्यांनी वाहिली ते डॉ. मार्कोलिनो कांदाऊ हेही ब्राझीलचेच आणि जॉन्स हॉपकिन्सचेच विद्यार्थी. त्यांच्याच कारकिर्दीत, १९६७ साली, देवी रोगाच्या उच्चाटनाची निकराची मोहीम सुरू झाली. १९७७ साली भारत आणि १९८० साली सारे जग देवीमुक्त जाहीर झाले. ज्या रोगाला आपल्या पूर्वजांनी भयापोटी देवीचेच नाव दिले होते, तो आज केवळ वडीलधाऱ्यांच्या दंडावरील व्रणांत उरला आहे.

दुसरे उदाहरण चीनचे. डॉ. चेन झी-चियन हे पेकिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजातून १९२९ साली पदवी घेऊन बाहेर पडले, रॉकफेलर वृत्तीवर हार्वर्डला गेले आणि १९३१ साली सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतले. अशा माणसाला राजधानीत मानाची खुर्ची मिळाली असती. त्यांनी १९३२ साली डिंगश्यान नामक ग्रामीण जिल्ह्याची वाट धरली. तेथे जेम्स येन यांची लोकशिक्षणाची चळवळ चालू होती. खेड्याला डॉक्टर परवडत नाही आणि डॉक्टरला खेडे रुचत नाही, हे उघड दिसत होते. तेव्हा चेन यांनी साक्षरतावर्गातून शिकलेले शेतकरीच निवडले. थोड्या दिवसांच्या शिक्षणाने त्यांना देवीची लस टोचणे, जन्ममृत्यूंची नोंद ठेवणे, विहिरीची निगा राखणे आणि एका लहान पेटीतील मोजक्या औषधांचा वापर करणे शिकविले. त्यांच्यावर उपजिल्हा ठाणे, आणि त्याच्यावर जिल्ह्याचे आरोग्यकेंद्र व रुग्णालय, अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था उभी राहिली. १९३७ च्या जपानी आक्रमणाने हे काम थांबले. पुढील राज्यबदलानंतर चेन यांना कित्येक वर्षे बाजूस सारण्यात आले. परंतु साठोत्तरी चीनमध्ये जे ‘अनवाणी डॉक्टर’ जगभर गाजले, त्यांचे बीज डिंगश्यानच्या त्या शेतकऱ्यांत होते. चेन यांचे चिनी खेड्यांतील वैद्यकावरील पुस्तक प्रसिद्ध झाले ते १९८९ साली, म्हणजे त्यांच्या वयाच्या शहाऐंशीच्या सुमारास.

या चेन यांचे पेकिंगमधील गुरू जॉन ग्रँट. चीनमध्येच जन्मलेले हे गृहस्थ पुढे भारतात आले, आणि येथून या कथेचा धागा आपल्या देशात शिरतो. कलकत्त्यास १९३२ साली रॉकफेलरच्या साह्याने अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था स्थापन झाली होती. १९३९ साली ग्रँट तिचे संचालक झाले. कलकत्त्याजवळ सिंगूर येथे ग्रामीण आरोग्याचे प्रात्यक्षिक केंद्र चालू झाले, ते याच काळात. १९४३ साली हिंदुस्थान सरकारने आरोग्याच्या पाहणीसाठी जी समिती नेमली, तिच्या सदस्यांत ग्रँट होते. अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. हे भोर जन्माने नाशिकचे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या भोर समितीच्या अहवालाने चाळीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावे, ही शिफारस केली. आज तालुक्याच्या वाटेवर जी पांढरी, पिवळी बैठी इमारत दिसते, ज्या दाराशी गरोदर बाई हातात कार्ड घेऊन बसलेली असते, त्या इमारतीची वंशावळ अशी बाल्टिमोर, पेकिंग, डिंगश्यान आणि सिंगूर या मार्गाने आलेली आहे.

तथापि केंद्र बांधणे आणि केंद्रात प्राण असणे, या भिन्न गोष्टी होत. त्याचा धडा महाराष्ट्राच्या मातीत मिळतो. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले. अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात काही वर्षे काम केल्यावर त्यांच्या ध्यानी आले, की बरे करून घरी धाडलेला रोगी त्याच रोगाने पुन्हा दाराशी येतो. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले आणि जॉन्स हॉपकिन्स येथे डॉ. कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. टेलर हे मसुरीजवळ जन्मलेले, पंजाबातील नारंगवाल खेड्यात प्रयोग केलेले गुरू. शिक्षण संपताच, १९७० साली, आरोळे दांपत्याने अवर्षणग्रस्त जामखेड तालुक्यात बस्तान मांडले.

त्यांनी लोकांना विचारले, काय हवे? लोकांनी औषध मागितले नाही. पाणी मागितले, अन्न मागितले. १९७२ च्या दुष्काळाच्या त्या दिवसांत कूपनलिका खोदण्याचे काम निघाले. त्यांतील बहुतेक कूपनलिका दलित वस्त्यांत बसविण्यात आल्या. पाणी हवे असेल तर सर्वांनी तेथेच यावयाचे. तहानेपुढे सोवळेओवळे टिकत नाही. व्याख्यानाने जे झाले नसते, ते एका हातपंपाच्या दांड्याने केले.

देवस्थानाच्या आवारात ही हकीकत सांगताना क्षणभर थांबावे लागते. तळीचे पाणी कोणाचे, हा प्रश्न कोणत्याही जुन्या गावाला अपरिचित नाही. सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र सांगते, की गावातील एक वाडा स्वच्छ पाण्यावाचून राहिला, तर सारे गाव पटकीच्या तावडीत राहते. धर्मशास्त्राने जे बंधुत्व भावनेच्या पातळीवर सांगितले, ते जंतुशास्त्र हिशेबाने सिद्ध करून दाखविते.

जामखेडची दुसरी शिकवण मनुष्यबळाची. गावोगाव परिचारिका नेमून पाहिल्या. त्यांचे बोलणे खेड्यात रुजेना. मग गावानेच निवडलेल्या बायका पुढे आल्या. त्यांतील पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित, काही परित्यक्ता. आठवड्यातून एकदा जामखेडला येऊन शिकावयाचे आणि गावी जाऊन शिकविलेले अमलात आणावयाचे. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली तेथे हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत; नव्वदच्या दशकात हा आकडा तीसच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तत्पूर्वी एक वर्ष अल्मा-आता येथील परिषदेने ‘प्राथमिक आरोग्यसेवा’ हे सर्व जगाचे धोरण म्हणून घोषित केले. जामखेडसारख्या प्रयोगांचा आधार त्या विचारामागे होता.

त्याच वाटेने डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग गेले. जॉन्स हॉपकिन्सची पदवी १९८४ साली घेऊन ते गडचिरोलीस आले. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन गावांतील स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा शेकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने जगातील तज्ज्ञांस दचकविले. खेड्यातील बाया सोसत होत्या आणि कोणी विचारले नव्हते. पुढे गावातील थोड्याशा शिकलेल्या बाईला नवजात अर्भकाची काळजी घेण्यास शिकविले, तर तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू शेकडा ६२ इतके घटतात, हे १९९९ साली त्यांनी त्याच नियतकालिकातून दाखविले. २०११ पासून ही पद्धत शासनाने ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या द्वारा देशभर स्वीकारली. ज्या आशाताई आज नवजात बाळ पाहावयास घरी येतात, त्यांच्या हातातील तापमापक आणि वजनाचा काटा यांमागे गडचिरोलीच्या आरोग्यदूतांचे काम आहे.

आता या नाण्याची दुसरी बाजू. गेलेले सर्वच परतले नाहीत. अमेरिकेच्या फुलब्राइटसारख्या योजनांत मायदेशी दोन वर्षे राहण्याची अट आहे. परंतु अट पाय परत आणू शकते, मन आणू शकत नाही. आणखी, शिष्यवृत्ती देणाऱ्याचीही एक दृष्टी असते. रॉकफेलरच्या माणसांचा ओढा पुष्कळदा एकेका रोगाविरुद्धच्या मोहिमेकडे होता. दारिद्र्य, जमीन, मजुरी हे प्रश्न त्या चौकटीत सहसा बसत नसत. परदेशी अभ्यासक्रम परदेशी शहरांच्या गरजांवरून बेतलेला असे. त्यामुळे परतलेला विद्वान जेथे विहीर नाही तेथे प्रयोगशाळा मागे. आणि श्रीमंत देश गरीब देशांचे शिकलेले वैद्य व परिचारिका आपल्याकडे ओढतात, ही तक्रार इतकी वाढली, की २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेला त्याविषयी आचारसंहिता करावी लागली.

परंतु सर्व दोष जाणाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. बडोद्याचे उदाहरण आरोग्यविद्येचे नाही, पण या ठिकाणी ते आठवल्यावाचून राहवत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात धाडले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी, असा करार होता. बाबासाहेबांनी करार पाळला. १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. पण त्या नगरीत त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात आसरा घेतला, तर जात कळताच काठ्या घेऊन माणसे दाराशी उभी राहिली. विद्वान परतला होता. गाव तयार नव्हते. राजाने जाण्याची वाट बांधली. येण्याची वाट बांधणे हे समाजाचे काम होते, आणि ते समाजाने केले नाही. त्या दिवशी बडोद्याने काय गमावले, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

म्हणून शिष्यवृत्ती ही देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशी दोघांचीच गोष्ट नव्हे. तिच्यात तिसरा पक्ष असतो, तो म्हणजे वाट पाहणारे गाव. पाउला सोझांना शिक्षिका मिळाल्या, चेन यांना शेतकरी मिळाले, आरोळ्यांना निरक्षर बाया मिळाल्या. या साध्या माणसांनी विद्या झेलली नसती, तर बाल्टिमोर आणि बॉस्टनच्या पदव्या भिंतीवरच राहिल्या असत्या.

महाजन या शब्दाचा अर्थ केवळ पालखीचा मान आणि पावणीची बोली इतकाच नव्हे. देवस्थान ही गावाची सामाईक ठेव आहे, आणि तिची राखण हे महाजनांचे व्रत आहे. गोव्यात १८४२ साली वैद्यकीय विद्यालय निघाले. आशिया खंडातील अशा जुन्या विद्यालयांत त्याची गणना होते. वैद्यांचा तुटवडा या भूमीला फारसा कधी भासला नाही. उणीव असेल तर गावाचे आरोग्य आपले मानणाऱ्या माणसांची. देवस्थानांच्या फंडांतून विद्यार्थ्यांस साह्य करण्याची प्रथा जेथे आहे, तेथे डॉक्टर व इंजिनियर यांच्याबरोबर एखाद्या परिचारिकेला, आरोग्यनिरीक्षकाला, सार्वजनिक आरोग्याच्या पदवीसाठी निघालेल्या मुलीला ते मिळावे. साह्य देताना करारपत्राहून एक साधी गोष्ट मागावी: शिक्षण पुरे झाल्यावर एकदा या मंडपात येऊन, जे शिकलात ते गावाला समजेल अशा भाषेत सांगा. आणि ती मुलगी येईल तेव्हा गावाने तयार असावे. तळीच्या पाण्याची तपासणी झालेली असावी, जत्रेच्या गर्दीसाठी शौचकूप व पिण्याचे पाणी यांची सोय असावी, अग्रशाळेत महिन्यातून एक दिवस लसीकरणास खोली मोकळी असावी, आणि त्या खोलीच्या पायरीवर कोणाची जात विचारली जाऊ नये.

निघताना घातलेल्या गाऱ्हाण्याची दुसरी मागणी पुरी करणे एकट्या देवावर सोपविता येत नाही. देव लेकराला सुखरूप परत आणील. त्याच्या विद्येला घर देणे हे महाजनांच्या हाती आहे. श्रीदेवतेच्या कृपेने ते घर या गावात उभे राहो, एवढीच प्रार्थना करून हे व्याख्यान येथे संपविणे उचित होय.